मऊ शिशाचा आवाज

बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही, हा किडा नोरीनच्या मनात शिरला तो काही केल्या बाहेर पडेना. गेल्या आठवड्यात ती त्यांच्याकडे कॉफी प्यायला गेली, तर छतावरचा धुराची सूचना देणारा भोंगा बॅटरी संपल्याची चीं-चीं करत होता. तिचं डोकं उठलं. बाबा त्याच्याच खाली बसून पेपर वाचत होते.

"बाबा, हे कधीपासून वाजतंय?"

"काय वाजतंय?" असं म्हणून त्यांनी पान उलटलं होतं.

मग रविवारी जेवताना ब्रिटनं विचारलं, "आजोबा, शनिवारी किती वाजता निघायचं?" त्यावर बाबा, म्हणजे अँसेल हाउगन, प्रसन्न हसले आणि म्हणाले, "हो, छान झालाय रस्सा. तुझ्या आजीच्या हातचा वाटतो." ब्रिट हसली. नोरीन हसली नाही. ब्रिट तिची एकुलती एक मुलगी, कॉलेजातून खास सुट्टी काढून आलेली. या माणसाबरोबर ती डोंगरात एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला जाणार होती, आणि तेही याच माणसानं स्वतःच्या हातानं ओतलेल्या गोळ्या घेऊन.

तसं पाहिलं तर पाइन फोर्क गावात अँसेलच्या गोळ्यांवर बोट ठेवणारा कुणी जन्माला यायचा होता. उभी हयात त्यांनी टायरच्या दुकानात काढली. चाकाचा तोल साधायला रिंगला शिशाचे तुकडे ठोकतात. जुने काढलेले तुकडे लोक फेकून देत, अँसेल ते बादलीत जमा करत. गावच्या चर्चचं छप्पर उतरवलं तेव्हा त्यातलं मऊ शिसं त्यांनी आणलं. वर्तमानपत्राचा छापखाना बंद पडला तेव्हा तिथले अक्षरांचे खिळे आणले. छापखान्याचं शिसं दगडासारखं कडक. मायर्टल, म्हणजे नोरीनची आई, म्हणायची, "गावात काहीही मेलं की हा माणूस बादली घेऊन हजर!"

शेडची दोन्ही दारं सताड उघडी टाकून, वारा पाठीवर घेऊन ते काम करत. बाहेर पाणी गोठत असलं तरी दारं लावायची नाहीत. त्या कामाचा कोट घरात आणायचा नाही, आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कॉफीच्या कपाला शिवायचं नाही. मायर्टल गेली तरी तिचे हे नियम त्या घरात अजून जिवंत होते.

वितळवलेलं शिसं मफिनच्या साच्यात ओतून त्याच्या वड्या होत. मऊ वड्या आणि कडक वड्या दिसायला जुळ्या बहिणी. त्यांच्यावर खूण म्हणून अँसेलनी कधी केली नाही. शेडमध्ये एक ऐरण होती. वडी त्यावर टाकायची आणि ऐकायचं. मऊ शिसं ओल्या मातीसारखं थप् करून बसतं. कडक शिसं टिंग करतं. लहानपणी नोरीन त्या ऐरणीजवळ डोळे मिटून उभी राहायची आणि ओरडायची, "थप्! थप्! टिंग!" एकदा जरी चुकली की बाबा म्हणायचे, "झालं, एल्क पळाला."

डेलबर्ट हा त्यांचा जुना शिकारीचा सोबती. आवाज असा की ट्रक सुरू झाल्यासारखा. तो खाणावळीत सगळ्यांसमोर म्हणायचा, "अँसेल, अरे त्या वड्यांवर अक्षर तरी ठोक. कधीतरी घोटाळा करशील."

"अक्षर त्यानं ठोकावं ज्याला कान नाहीत."

"आणि ती तुझी गोळी! पोस्टमनसारखी. वाटेत चार घरी चहा पिऊन पोचते. माझी बघ, या डोंगरावरून त्या डोंगरावर."

"तुझी जाते रे लांब. पण कुठे जाते ते तिलाही ठाऊक नसतं."

ब्रिटचा या वर्षी पहिलाच एल्क होता. हरणासाठी ती जी हलकी रायफल वापरायची, नळीच्या भोकाच्या मापावरून जिला चोवीस म्हणत, तीच न्यायचा तिचा विचार होता. अंगणात उभं राहून तिनं मोठ्यानं वाद घातला होता.

"आजोबा, चोवीसनं हरण जागेवर पडतं माझं!"

"पडतं ना. पण एल्क म्हणजे हरणाचं अख्खं सासर आहे, पोरी. आणि तू नेणार माझी ओतीव गोळी. विकतची तांब्याच्या कवचाची वेगळी, तिला हवी तेवढी पळवा. ओतीव गोळीला फार पळवलं की शिसं नळीला आतून चिकटतं आणि नेम जातो. म्हणजे तिनं सावकाशच जायचं. सावकाश जाणाऱ्यानं अंगानं तरी भारी असावं की नको? पस्तीसच्या खाली एल्ककडे बघायचंसुद्धा नाही."

"मग तुमची पंचेचाळीस द्या."

"पंचेचाळीस उत्तम. भोक मुळातच मोठं, शिसं थोडं कडक निघालं तरी खपून जातं. पण तिचा धक्का मोठा, आणि तुझा खांदा मला तुझ्या आईला परत करायचाय."

मग त्यांनी कपाटातून मायर्टलची पस्तीसची रायफल काढली होती. तिच्या लाकडी दस्त्यावर मायर्टलच्या गालानं पडलेली चकाकी अजून होती. "हिला मात्र मऊच गोळी," ते म्हणाले. "नाक चपटं हवं आणि शिसं असं की आत जाऊन फुलेल. कडक असेल तर दाभणासारखी आरपार जाईल. जनावराला वेळेवर कळायचंसुद्धा नाही आपण मेलोय ते. दोन दऱ्या ओलांडून जाईल. आणि अंतर इथून त्या सफरचंदाच्या झाडापर्यंत. त्यापलीकडे असलं तर टोपी काढायची, नमस्कार करायचा आणि घरी यायचं."

हाउगनांच्या घरात त्यापुढचं वाक्य बोलावं लागत नसे. जखमी जनावरामागं शेवटपर्यंत जायचं. अंधार होवो, हिम पडो. एका वर्षी स्वतः अँसेल असे गेले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले तेव्हा त्यांच्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली होती. ती पुढे काढावी लागली. नोरीनला त्या पायावरची मोज्यासारखी पांढरी पट्टी अजून दिसे.

शुक्रवारी दुपारी ब्रिट सामान घेऊन आजोबांकडे मुक्कामाला गेली, कारण पहाटे निघायचं होतं. तिनं मागे टाकलेले कपडे नोरीन तळघरात धुवायला घेऊन गेली. जीन्सच्या खिशात तिला एक गोळी सापडली, नुसती, काडतुसात न भरलेली. बाबांनी नातीला आठवण म्हणून दिली असणार, तिला ओतून दिलेल्या त्याच घाण्यातली. ते नेहमी तसं करत. नोरीनकडेही तिच्या पहिल्या शिकारीची होती, दागिन्यांच्या डबीत.

तिनं ती कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवली. यंत्र थरथरलं, गोळी घरंगळली आणि सिमेंटच्या जमिनीवर पडली.

टिंग.

 नोरीननं वाकून गोळी उचलली, डोळे मिटले आणि पुन्हा टाकली. टिंग. नखानं ओरखडा काढून पाहिला. नखच वाकलं.

ही मऊ नव्हती. छापखान्याचं शिसं होतं. आणि असल्याच गोळ्या भरलेली काडतुसं घेऊन तिची पोरगी पहाटे डोंगर चढणार होती.

ती पायरीवर बसली. म्हणजे आपली भीती खरी ठरली. ज्या माणसानं आयुष्यात मऊ-कडक चुकवलं नाही, त्याला आता वड्यासुद्धा ओळखता येईनात. आता डॉक्टर, मग गाडीच्या किल्ल्या काढून घेणं, मग ते घर रिकामं करणं. एका क्षणात तिनं बाबांचं सगळं आयुष्य आवरून खोक्यात भरलंसुद्धा.

वर स्वयंपाकघरात ओव्हनची वेळ झाली आणि ओव्हन बारीक आवाजात किणकिणला. बंद जिन्यातूनही तिला तो स्पष्ट ऐकू आला. आणि एकदम तिला धुराचा भोंगा आठवला. त्याचीही अशीच बारीक चीं-चीं. ब्रिटचा आवाजही बारीक. पोरगी टेबलावर हळू बोलली तेव्हा बाबा रश्श्याबद्दल बोलले. अंगणात ओरडून भांडली तेव्हा त्यांनी शब्दाला शब्द दिला. डेलबर्टचं तर एक वाक्य कधी खाली पडू दिलं नाही, त्या ट्रकला उत्तर तयारच असायचं.

कानांत कधी बोळा न घालता आयुष्यभर रायफल चालवलेली. त्यात टायरच्या दुकानातले हातोडे. डोकं कुठे गेलं होतं? गेली होती ती फक्त टिंग. बाबा ऐरणीवर कडक वडी टाकत होते आणि त्यांना थप् ऐकू येत होतं. आता त्यांच्या जगातलं सगळंच शिसं मऊ झालं होतं.

नोरीनला हसू आलं, आणि हसता हसता तिनं मोजे-पायजम्यांच्या ढिगातला एक टॉवेल डोळ्यांना लावला.

मग प्रश्न उरला, सांगायचं कुणाला. ब्रिटला गुपचूप फोन करून म्हणता आलं असतं, गावातून विकतची काडतुसं घे, आजोबांना काही बोलू नकोस. डेलबर्टलाही सांगता आलं असतं, पण मग सोमवारपर्यंत खाणावळीतल्या वेटरणीलाही कळलं असतं. पहिल्यात बाबांचा मान तरी राहिला असता, पण दोन्हीमध्ये बाबा तेवढे वगळले गेले असते.

शिकारीच्या तळावर त्यांचा एक रिवाज होता. ज्याची गोळी चुकीची लागली असेल, त्यानं सकाळच्या न्याहारीला ती सगळ्यांसमोर सांगायची. कुणी हसायचं नाही. सांगून झालं की त्याच्या ताटलीत पहिला पॅनकेक पडायचा. बोटं गमावली त्या वर्षी बाबांनीही सांगितलं होतं. लपवलेली गोळी पुढच्या वर्षी पुन्हा चुकते, असं ते म्हणत.

नोरीननं गोळी मुठीत घेतली आणि ती वर आली. ब्रिटचं नाव फोनवर आलं होतं, ते तिनं खाली सरकवलं. फोन बाबांनाच लावायचा. सरळ सांगायचं की बाबा, त्या काडतुसांतली एकही उद्या डोंगरावर जायची नाही, उद्याचा दिवस थांबा, मी येते. ऐरणीजवळ डोळे मिटून मी उभी राहते, तुम्ही वड्या टाका.

तिनं खाकरून घसा साफ केला. आवाज जमेल तितका खाली आणला, डेलबर्टसारखा, ट्रकसारखा. रिकाम्या स्वयंपाकघरात एकदा "बाबा" म्हणून पाहिलं. बरं वाटलं. मग तिनं नंबर लावला.