पद्माकररावांचं नाक

पद्माकरराव शिर्के रिफायनरीत नोकरीला होते तेव्हा त्यांच्या नाकाचा फार बोलबाला होता. पाइपाच्या कुठल्या जोडातून गॅस गळतोय अशी शंका आली की गुजराती सहकारी मीटर आणायच्या आधी त्यांनाच हाक मारत. "शिर्केभाई, जरा आवो ने!" शिर्के येत, मान वाकडी करून दोन श्वास घेत आणि बोट दाखवत. बहुतेक वेळा तिथंच गळत असे.

निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको नीराताई शहराच्या कडेला छाणीला राहायला आले. सोबत जुनी गाडी होतीच. पुण्याची लेक संपदा फोनवर दर वेळी म्हणे, "बाबा, विका ना तो डबा." पद्माकरराव हसून विषय बदलत. गाडीचं इंजिन म्हातारं झालं होतं. कधी खालच्या चेंबरमधून, कधी वरच्या झाकणातून थोडं थोडं ऑइल पाझरायचं, आणि ते बंद करणं हाच त्यांचा रविवारचा उद्योग होता. आधी रॉकेलच्या फडक्यानं इंजिन लख्ख पुसायचं, मग त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची. गाडी चालू केली की पांढऱ्यावर ओली रेघ उमटते आणि चोर सापडतो.

त्या रविवारी चोर वरच्या झाकणात सापडला. झाकणाखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. पद्माकररावांनी ते सोलून काढलं, नवं बसवलं, बोल्ट समोरासमोरचे एकेक करत हलक्या हातानं आवळले. मग पुन्हा पावडर मारली, इंजिन चालू केलं आणि टॉर्च घेऊन झाकणावर ओणवे झाले. मागच्या बाजूनं बारीक धूर येत होता. गरम पाईपवर सांडलेलं जुनं ऑइल जळत असणार, जाईल आपोआप, असं म्हणून त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पांढरी पावडर कोरडीच होती. ते मनातून खूश झाले.

"अहो!" नीराताई दारातून किंचाळल्या. "कापड जळतंय! बंद करा गाडी!"

"कसलं कापड? ऑइल आहे ते."

"ऑइल नाही हो, कापड! स्वयंपाकघरापर्यंत वास आलाय!"

तेवढ्यात इंजिनामागून वीतभर ज्वाळा वर आली. पुसायचं फडकं घसरून मागच्या गरम पाईपवर पडलं होतं. पद्माकररावांनी धावत जाऊन किल्ली फिरवली. नीराताईंनी कोरफडीची कुंडी उचलून अख्खी माती आत ओतली. धूर भपकन उठला आणि आग विझली. शेजारचे बळवंतराव बनियनवरच कुंपणाशी येऊन उभे राहिले. "शुं थयुं? गल्लीभर वास सुटलाय की!"

गल्लीभर. आणि आपलं नाक तर त्या फडक्यापासून हातभर अंतरावर होतं.

पद्माकररावांनी रॉकेलचा डबा उघडला आणि नाकाशी नेला. मग नाक थेट डब्याच्या तोंडात घातलं. काही नाही. जणू डब्यात पाणी होतं. ते घरात गेले, हिंगाची डबी उघडली. लवंगा चुरल्या. कापूर हुंगला. नीराताई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा चेहराही उतरत गेला.

"नीरा," ते खाली बसत म्हणाले, "मला कसलाच वास येत नाहीये."

"कधीपासून?"

तेच तर त्यांना सांगता येईना. मग एकदम आठवलं, आणि आगीपेक्षा मोठा धक्का बसला. गेले कित्येक महिने ते रोज ताटावर बसून कुरकुरत होते. आमटीत जीव नाही, तुझा मसाला बदलला, तुझं लक्ष नसतं हल्ली. नीराताईंनी दोनदा मसाला नव्यानं कुटला होता. एकदा ताट तसंच उचलून त्या रडल्याही होत्या.

"तुझ्या हाताला काही झालं नव्हतं गं," त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. नीराताई शेजारी बसल्या आणि हिंगाच्या डबीचं झाकण लावू लागल्या.

पाणीगेटजवळच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं. नाक साफ होतं. गेल्या वर्षी पद्माकररावांना ताप येऊन गेला होता, त्यात वासाची नस दुखावली असावी, असं ते म्हणाले. परत येईल की नाही, सांगता येत नाही. मेंदूचा फोटो निघाला, त्यात सुदैवानं दुसरं काही सापडलं नाही. उपाय म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वास मन लावून हुंगायचे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी.

पद्माकरराव हुंगू लागले. गॅस नीराताईच तपासत. इंजिनाला हात लावायचा तर त्या खुर्ची टाकून बाजूला बसत. महिने गेले, नाक मुकंच. तरी खंडेराव मार्केटमधून ते न चुकता ताजे गुलाब आणत.

एका सकाळी नीराताई भाजी चिरत असताना बाहेरून ओरडणं ऐकू आलं. सुरी टाकून त्या धावल्या. पद्माकरराव हातात गुलाब धरून उभे होते, डोळे विस्फारलेले.

"काय झालं? पुन्हा जळलं काही?"

"नीरा, हा गुलाब... याला सडक्या कांद्याचा वास येतोय!"

नीराताईंनी फूल घेऊन हुंगलं. ताजं, गोड. "अहो, छान आहे की."

"छान नाही, घाण आहे! पण येतोय गं, येतोय!" ते हसत होते की रडत होते, नीराताईंना कळेना. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की दुखावलेली नस जागी होताना असं चुकतं, हे लक्षण चांगलं. पद्माकररावांनी मान डोलावली, तोंड वाकडं केलं आणि फूल पुन्हा नाकाला लावलं.