दादाला न दिसलेला डी ड्राइव्ह

भंगारवाल्याला देण्याआधी जुना पीसी एकदा चालू केला, तर तापलेल्या धुळीचा तोच वास आला आणि मी नवीन पनवेलच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये जाऊन बसले.

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि दादात नि माझ्यात हा एकच पीसी. सिनेमे ठेवायला जागा हवी म्हणून त्याने माझा अख्खा प्रोजेक्ट डिलीट केला. मी रडले तर म्हणाला, "टायपिंगच तर होतं. परत कर." आईने त्यालाच चहा दिला.

मी परत केलं. मग एका दुपारी तो सुकापूरला मॅच खेळायला गेल्यावर मैत्रिणीकडून लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमची, सीडी आणली. हार्ड डिस्कचे नव्याने दोन भाग केले. लहानसा तुकडा त्याच्या विंडोजला, बाकी सगळं माझ्या लिनक्सला. त्याच्या डी ड्राइव्हमधले सिनेमे, फोटो, सगळं माझ्या भागात हलवलं, कारण विंडोजला तो भाग दिसतच नाही. पडद्यावरची पट्टी सावकाश भरत होती, पंखा तोच धुळकट गरम वास फेकत होता आणि मला फार शांत वाटत होतं.

"माझा डी ड्राइव्ह कुठे गेला गं?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

आज फोनवर त्याला सांगितलं, पीसी देऊन टाकतेय.

"त्यात आमच्या कर्नाळ्याच्या ट्रेकचे फोटो होते गं," तो म्हणाला. "अख्खा ग्रुप होता. एकदा बघशील?"

समोर पीसीच्या स्क्रीनवर कर्नाळ्याच्या सुळक्याखाली तो दात काढून हसत होता.

"फोटोच तर होते," मी म्हटलं. "परत काढ."