डोळ्यांसाठी खाल्लेलं तूप

थांबा, बाकीचं सगळं नंतर, हे आधी सांगते. तुमच्याही घरात आत्ता कुणीतरी कुणाला प्रेमाने आग्रह करून वाढत असेल, म्हणून.

डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यात बराच वेळ बघितलं आणि नर्सला म्हणाले, हिचं बीपी घ्या. डोळ्याच्या दवाखान्यात बीपी! पट्टा माझ्या दंडाला पुरेना, म्हणून दुसऱ्या वॉर्डातून मोठा मागवला. बीपी इतकं वाढलेलं होतं की नर्सने परत घेतलं. मग डॉक्टर म्हणाले, "बेटा, चश्मे का नंबर नहीं है. नसें हैं."

मी बावीस वर्षांची. बाबा बँकेत, बदली होऊन आम्ही अकोल्याहून लखनौला आलो. मी हजरतगंजला टायपिंग शिकत होते, स्टेनोच्या परीक्षेसाठी. माझा स्पीड क्लासात सगळ्यात जास्त, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक दिवस समोरच्या कागदावरच्या ओळीतली मधलीच अक्षरं पुसट दिसायला लागली, कुणी ओलं बोट फिरवल्यासारखी. उजवा डोळा झाकला की जास्तच.

आम्हाला वाटलं, नजर कमजोर झाली. शेजारच्या शुक्ला आंटींनी उपाय सांगितला: बादाम, सौंफ म्हणजे बडीशेप, मिश्री म्हणजे खडीसाखर, हे कुटून शुद्ध तुपात परतायचं, रोज सकाळी खायचं, वर मलईचं दूध. 'आँखों की रोशनी'साठी इकडे घरोघरी हे करतात. आईने मनापासून केलं. मी आधीच जाड होते. आंटी म्हणायच्या, खाते-पीते घर की लगती है, आणि आईला ते कौतुक वाटायचं. धाकटा भाऊ मात्र म्हणायचा, "दीदी, रिक्शेवाले भैया को पहले बता देना."

तूप चालू राहिलं आणि अक्षरं आणखी पुसट होत गेली. तेव्हा बाबा दवाखान्यात घेऊन गेले.

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा. तो बघतात त्याला फंडस तपासणी म्हणतात. थेंब घालून बाहुली मोठी करतात, तोवर बाहेर बाकावर डोळे मिटून बसायचं. दुखत नाही, पण नंतर उजेड सहन होत नाही. घाबरू नका.

डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून समजावलं. वजन खूप वाढलं, त्यात बीपी वाढलं, की पडद्यावरच्या बारीक धमन्या आकसतात आणि शिरा फुगतात. मग त्या पाझरतात. माझ्या डाव्या डोळ्यात रक्ताचे ठिपके होते. म्हणाले, अशाच नसा मेंदूत आहेत, किडनीत आहेत, फक्त डोळ्यातल्या आम्हाला उघड्या दिसतात.

मी विचारलं, दिसेल ना परत?

"पहले जो बचा है, उसे बचाते हैं."

मग त्यांनी खाण्याबद्दल विचारलं. आई अगदी उत्साहाने सांगायला लागली, डोळ्यांसाठी रोज तुपातले बादाम देते, एक दिवस चुकवलेला नाही. डॉक्टर हसले नाहीत. हळूच म्हणाले, "भाभीजी, ये रोशनी अब बंद कर दीजिए."

घरी आल्यावर ती तुपातल्या बादामांची बरणी आईने शुक्ला आंटींकडे नेऊन दिली नाही, फेकलीही नाही. रिकामी करून, घासून उन्हात पालथी ठेवली.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी आई माझ्याबरोबर चालायला यायची, साडी खोचून, धापा टाकत. वजन हळूहळू उतरलं, फार हळू. रक्ताचे ठिपके जिरायला कित्येक महिने गेले. डाव्या डोळ्यात एक पुसट जागा राहिलीच आहे. हे मी टाइप करतेय ते बहुतेक उजव्याच्या भरवशावर.

मागच्या तपासणीला माझं झाल्यावर आई स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, "मेरा भी देख लीजिए. इसने जो छोड़ा, वो मैंने ही खाया है."

तिच्याही धमन्या आकसलेल्या निघाल्या. पाझरलेलं मात्र अजून काही नाही. वेळेत कळलं. माझ्या डोळ्यामुळे कळलं, आणि त्या पुसट जागेवरचा माझा राग त्या दिवशी थोडा कमी झाला.

तुमच्या घरी झालंय का असं, की जे औषध समजून भरवत होता, त्यानेच आजार वाढला? सांगा ना. आणि बीपी कधी बघितलंय शेवटचं?