फ्रिजमधला हिवाळा

आमच्या शेवटच्या भेटीत अविनाश माझ्यावर चिडला होता, तेही एका फुलावरून... अजून न उमललेल्या. पाच दिवसांनी त्याच्या बायकोचा, शुभावहिनींचा, फोन आला. "भावोजी, हे गेले हो..." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं की भांडण मिटवायचं राहूनच गेलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

अविनाश मरीन इंजिनिअर, मी बँकेतला. ओळख इथलीच, सिंगापूरची, गणपतीच्या आरतीतली. एकदा नॉर्वेच्या उत्तर टोकाला त्याचं जहाज दुरुस्तीसाठी अडकलं, तेव्हा साहेब बंदरामागच्या डोंगरावर चढले. तिथे बर्फाच्या कडेला, खडकाला बिलगून एक हिरवी उशी होती आणि तिच्यावर नखाएवढी गुलाबी फुलं. मॉस कॅम्पियन. "अरे, नीट बघायला मला पोटावर झोपावं लागलं," तो सांगायचा. वाऱ्याच्या भीतीने हे झाड वर वाढतच नाही, आणि पहिलं फूल यायला कधीकधी दहा वर्षं लागतात. मी लिफ्टचं बटण दोनदा दाबणारा माणूस. मला हे वेड कधी कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने बी मिळवलं आणि तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये वाइन ठेवायचा, काचेच्या दाराचा फ्रिज आणला. थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाकडे वाइनचा फ्रिज! "पापा, एव्हरीबडी विल थिंक यू ड्रिंक, लाह!" त्याची मुलगी ओरडली. आरतीला आलेली मंडळी हळूच काचेतून डोकावून जात. आत एक कुंडी, वर दिवा, आणि दारावर त्याच्या अक्षरातला तक्ता: कोणत्या आठवड्यात दिवा किती तास, थंडी किती, पाणी कधी. इथे बाराही महिने तोच घाम आणि तेवढाच दिवस. त्या एका खोक्यात मात्र उन्हाळा येऊन जायचा आणि हिवाळा उतरायचा. मग पाणी बंद, दिवा जेमतेम, उशी तपकिरी. वहिनी तिला 'शेवाळं' म्हणत, आणि तिच्याशेजारी कोथिंबीर ठेवायला गेल्या की बोलणी खात.

बी पेरल्याच्या सहाव्या वर्षी त्याचा आजार निघाला. वहिनी दिवसभर हॉस्पिटलमध्ये, म्हणून त्यांच्या फ्लॅटवर जाऊन फ्रिज सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आत हिवाळा चालू होता. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि तक्त्यातला वसंत दोन महिने लांब होता. मला राहवेना. मी थंडी कमी केली, दिवा चौदा तासांवर नेला, पाणी घातलं. एक फूल त्याला दिसावं, एवढंच. दहा-बारा दिवसांत एका कडेला हिरवं फुटलं. मी फोटो काढून धावतच हॉस्पिटल गाठलं.

त्याने फोटो बराच वेळ पाहिला.

"दिवा किती तास लावतोस?"

"तक्त्याप्रमाणे."

"खोटं बोलू नकोस. बंद कर तो. झोपमोड झाली तर मरेल ते."

"अरे, तुला बघायला मिळावं म्हणून..."

"मी बघितलंय, नॉर्वेत. माझ्यासाठी त्याला घाईत उठवू नकोस."

मीही तडकलो. "मग घेऊन बस तुझा तक्ता!" म्हणून उठलो. त्याच संध्याकाळी फ्लॅटवर जाऊन दिवा पुन्हा तक्त्याएवढा केला, थंडी वाढवली. पाच दिवस त्याच्याकडे फिरकलो नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी तो तक्ता काढून मला दाखवला. त्याच्यामागे आणखी चार पानं होती, पुढच्या चार वर्षांची. "आजार कळला त्याच आठवड्यात लिहून ठेवली," त्या म्हणाल्या. मला लाज वाटली. रागही आला, खोटं कशाला बोलू. एक फूल पाहिलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?

आता मी दर शनिवारी वहिनींकडे जातो. जिथे मी अवेळी पालवी फुटवली, ती कड थंडीने करपली आहे. उरलेली उशी झोपलेली आहे की गेली, हे अजून सांगता येत नाही. वहिनी स्टूल घेऊन तिच्यासमोर बसतात. शेवाळं म्हणत नाहीत.

परवा तक्त्यात दिव्याचे सात तास होते. ते भरत आले तसं वहिनींनी विचारलं, "भावोजी, थोडा वेळ राहू द्यायचा का? आत उजेड असला की बरं वाटतं."

मलाही वाटत होतं. मी घड्याळ पाहिलं आणि दिवा बंद केला.