खालूनरावांचं पॉलिश

सबस्टेशनातली सगळी मंडळी त्यांना खालूनराव म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. इन्सुलेटर पुसणाऱ्या टोळीचे ते मुकादम. शिडीवरून कुणी उतरला रे उतरला की यांचा एकच प्रश्न, खालून पुसलंस का? इन्सुलेटर म्हणजे तारा तोलून धरणाऱ्या चिनी मातीच्या छत्र्या, एकीखाली एक. वरची बाजू काय, पाऊसही धुऊन काढतो. छत्रीच्या पोटाशी मात्र पाणी पोचत नाही, आणि शेजारच्या सिमेंट कारखान्याची धूळ नेमकी तिथेच ठाण मांडून बसते. कोरडी आहे तोवर ती गरीब गाय. दवाने ओली झाली की तिच्यातूनच वीज वाट काढते. आधी नुसती चुरचुर, मग ठिणग्या, आणि मग धाडकन अर्धं शहर बंद.

आता हा प्रश्न माणसानं कामावर ठेवून घरी यावं की नाही? छे! घरीही कप उपडा करून बघणार, टेबलाखाली वाकून बोट फिरवणार. तीस वर्षांत बायकोनं त्यांच्यापुढे हात टेकले होते.

फाटकाजवळ एक फळा होता. बिघाड न होता किती दिवस गेले, तो आकडा खालूनराव रोज सकाळी स्वतःच्या हातानं खडूनं लिहीत. निवृत्तीच्या दिवशी बरोबर तीन हजार भरणार होते आणि तो आकडा बघायला मोठे साहेब जातीनं येणार होते. हे कळल्यापासून गृहस्थ जमिनीच्या चार बोटं वरून चालत होते.

तिथेच हौस नडली. पुसण्यासाठी लाइन बंद ठेवलेल्या दिवशी टोळी जेवायला गेली, तेव्हा यांनी पिशवीतून बाटली काढली. बायकोची, लाकडी कपाटाच्या पॉलिशची. फाटकासमोरचे सहा इन्सुलेटर साहेबांच्या नजरेत भरणार म्हणून वरून चोळले, खालून तर दोनदा चोळले. एवढे चकाकले की त्यात बघून दाढी करावी. नियमात पॉलिशबिलिश काही नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलंही नाही.

तीन आठवड्यांनी बायको भंगारवाल्याला द्यायला म्हणून ती बाटली शोधायला लागली. यांनी जरा मिरवतच सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम बाजूला टाकलं. मग म्हणाली, ते पॉलिश तिनं कधीच सोडून दिलंय. चिकट असतं मेलं, सोमवारी पुसलेल्या कपाटावर बुधवारी धुळीची साय येते. कपाट वेगळं आणि इन्सुलेटर वेगळा, असं म्हणून खालूनरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पान मात्र एकही उलटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं दाटलं होतं. त्यांनी फळ्यावर दोन हजार नऊशे शहाण्णव लिहिलं, आणि पाठीमागून चुर्रर्र ऐकू आलं. वळून बघतात तर त्यांचे ते सहा लाडके, राखाडी लेप थापल्यासारखे, आणि अंगावर निळ्या ठिणग्यांची धावपळ. बाकीच्या रांगा गपगार.

दोन तासांत ऊन पडलं असतं. दव सुकलं असतं, आवाज थांबला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. चारच तर दिवस उरले होते! पण त्या दोन तासांत लाइन आपणहून उडाली तर तिच्यावर चालणाऱ्या इस्पितळाची वीजही जाणार. सांगून बंद केली तर इस्पितळ आधी दुसऱ्या लाइनवर घेता येतं, फक्त मग तो बिघाड म्हणून नोंदला जातो आणि फळ्यावर शून्य येतं. खालूनराव एकदा आकड्याकडे बघत, एकदा ठिणग्यांकडे. चुरचुर वाढली तशी त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला.

तिथले ड्यूटीवरचे साहेब भला माणूस. म्हणाले, आधीच ठरलेलं काम होतं असं लिहू, तुमचा आकडा कशाला घालवायचा?

"नको साहेब. पॉलिश मी लावलंय."

लाइन बंद झाली. त्यांनी फडकं उचललं आणि मग लक्षात आलं, की हे चिकट काढायचं कसं, ते त्यांना माहीतच नाही. इतकी वर्षं जगाला पुसायला शिकवणारा माणूस! शेवटी घरी फोन केला.

"अगं, ते पॉलिश निघतं कसं?"

तीस वर्षांचं सगळं ऐकवायची हीच वेळ होती.

"कोमट पाण्यात साबण घाला," ती म्हणाली. "मग साध्या पाण्यानं तीनदा. आणि अहो, खालून पुसा."

सहाही त्यांनी स्वतः शिडीवर चढून पुसले, कुणाला हात लावू दिला नाही. दहा वाजता लाइन चालू झाली. मग त्यांनी फळा स्वच्छ केला आणि रोजच्याच वळणदार अक्षरात मधोमध शून्य काढलं. ते काढताना डोळे भरून आले, त्याला त्यांनी खडूचं निमित्त केलं.

संध्याकाळी बायकोनं चहा पुढे ठेवला. कप न तपासताच ते प्यायले, मग उठून मोरीवर गेले आणि तो स्वतः विसळून ठेवला. बायकोनं तो उचलला, उपडा केला आणि खालून बोट फिरवून बघितलं.