चावी काढली तरी वाजणारा डेक

गल्लीत त्याला सगळे डेकवाला म्हणत. बायकोसुद्धा चिडली की ‘अहो डेकवाले’ म्हणे, आणि ती चिडायला फार कारण लागत नसे. तीस वर्षं तो एकच काम करत आला होता: जुन्या गाड्यांमध्ये नवे डेक बसवायचे. दुकान म्हणजे एक शटर, एक फळी आणि जुन्या स्पीकरांचा ढीग. खरं काम बाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीत चाले. तो स्टिअरिंगखाली उताणा शिरलेला आणि पाय दारातून बाहेर, असा दिवसाचा निम्मा वेळ जाई. ओळखीची माणसं जाता जाता त्याच्या पायांशीच बोलत.

कामाच्या बाबतीत गडी नाकाने कांदे सोलणारा. दुसऱ्या कुणी बसवलेला डेक उघडला की त्याचं तोंड सुटे. “वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलीय! याला माणूस कशाला लागतो, माकड पुरे झालं असतं.” मग तो प्रत्येक सांधा नव्याने डाग देऊन पक्का करी आणि गिऱ्हाइकाला जवळ बोलावून दाखवी. गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नसे, पण मान डोलवावीच लागे.

समोरच्या दुकानात शिंपी बसे. त्याला सगळे मास्तर म्हणत. दोघांची दुकानं एकाच वर्षी उघडली, तेव्हापासून सकाळचा चहा एकत्र. उतारवयात मास्तरांना गाडीची हौस आली आणि त्यांनी एक जुनी, रंग उडालेली गाडी घेतली. ती आणली त्याच दिवशी ते हातात नव्या डेकचं खोकं घेऊन समोर उभे राहिले.

“बसव लवकर. गाणी ऐकत एक चक्कर मारायचीय.”

“अरे, श्वास तरी घे,” डेकवाला म्हणाला.

डेकला दोन वायरींतून करंट लागतो. पिवळी कायम चालू असते, तिच्यामुळे डेकला घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायर चावीच्या ताब्यात असते. चावी काढली की ती मरते आणि डेक बंद होतो. मास्तरांच्या गाडीत डेकच्या खाचेमागे चावीची वायर आधीच्या कुणीतरी कापून टाकलेली होती. आता ती फ्यूजच्या डब्यातून ओढून आणायची, म्हणजे स्टिअरिंगखाली पाठीवर झोपणं आलं. त्या दिवशी डेकवाल्याची पाठ धरली होती. त्याने इकडे तिकडे पाहिलं, लाल वायर पिवळीलाच जोडली आणि डेक खाचेत ढकलून दिला.

अशी जोडणी चालते, नाही असं नाही. फक्त उतरताना डेक आठवणीने हाताने बंद करावा लागतो, नाहीतर तो बॅटरी पीत बसतो. एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण सांगायचं म्हणजे पाट्या टाकल्या हे कबूल करायचं. त्याऐवजी त्याने मास्तरांच्या हातातून चावी घेतली, हवेत नाचवली आणि म्हणाला, “बघ, चावी काढली तरी वाजतो. खास तुझ्यासाठी केलंय.”

मास्तर हरखून गेले. पुढचे पंधरा दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीशी नेऊन, चावी खिशात टाकून गाणं ऐकवत होते. “आपला माणूस असला की असं काम होतं,” असंही वर म्हणत. डेकवाला हसे आणि विषय बदले.

मास्तरांची आई तीन तासांवरच्या गावात त्यांच्या बहिणीकडे राहायची. तिच्या डोक्यात गाठ निघाली. एका संध्याकाळी मास्तर गाडीत बसून गाणी ऐकत असताना बहिणीचा फोन आला. ऑपरेशन उद्याच सकाळी नऊला ठरलंय, डॉक्टर म्हणतात जीव वाचेल पण बोलणं जाऊ शकतं, आणि आईला त्याआधी तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. फोनवर बोलणं शक्य नव्हतं. आईला ऐकायला फार कमी येई, कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागे. ‘त्याला समोर येऊ दे,’ एवढंच ती म्हणत होती. फोन घेताना मास्तरांनी डेकचा आवाज अगदी बारीक केला होता. ते चावी काढून तसेच घरात पळाले.

रात्री गाडी चालवायचा त्यांना धीर नव्हता. पहाटे पाचला त्यांनी चावी फिरवली. गाडी हूं की चूं करेना. ढकलून झाली, शेजाऱ्याला उठवून झालं, पहिली बस निघून गेली. शेवटी कशीबशी दुसरी गाडी मिळाली. ते इस्पितळात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते आणि आईला आत नेलं होतं.

आई वाचली. बोलणं गेलं.

परत आल्यावर मास्तरांनी नवी बॅटरी आणून डेकवाल्यापुढे ठेवली. “बसव रे. जुनी कधीची कुरकुरत होती, मीच आज-उद्या करत टाळलं.” डेकवाल्याने बॅटरी बसवली, शेवटची तार घट्ट केली आणि गाडीतून गाणं सुरू झालं. चावी मास्तरांच्या खिशात होती. डेकवाल्याने एकदा डेककडे, एकदा त्या खिशाकडे पाहिलं. त्याने हात घालून डेक बंद केला.

“बॅटरीचंच होतं ना?” मास्तरांनी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. “जुनीच होती.”

त्याच दुपारी, मास्तर जेवायला गेलेले पाहून, तो स्टिअरिंगखाली शिरला आणि लाल वायर जिथे न्यायची होती तिथे नेली. काम इतकं सरळ झालं की त्याला स्वतःची लाज वाटली. आठवड्याने मास्तरांच्या लक्षात आलं. “आता चावी काढली की बंद होतो रे?” “सेटिंग बदललं,” डेकवाल्याने तिसरी थाप मारली आणि ती आधीच्या दोन्हींपेक्षा सहज निघाली.

मग मास्तर आईला आपल्याकडे घेऊन आले. दिवसभर ती दुकानात खुर्चीवर बसे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे थेट डेकवाल्याच्या फळीकडे. काम थोडं थांबलं की मास्तर तिच्या कानाशी वाकून ओरडत, “आई, घराबद्दल सांगायचं होतं? ताईबद्दल? माझ्यावर रागावली होतीस?” ती कधी मान हलवी, कधी रडे. तिच्या तोंडून नुसते आवाज निघत. “एक बॅटरी वेळेवर बदलली असती तर,” असं मास्तर मशीनवर बसता बसता पुटपुटत. मुलगा दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन शिवत होता, आणि ज्याचं पाप तो समोर बसून वायरी सोलत होता.

डेकवाल्याला अन्न जाईना. बायकोने एकदा त्याच्या तोंडून सगळं वदवून घेतलं आणि ताट पुढे सरकवून म्हणाली, “एकतर जाऊन सांगा, नाहीतर जेवा. दोन्ही न करून तुम्ही मला का छळताय?”

तो दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रस्ता ओलांडून गेला. चहाची वेळ टळून गेली होती. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं: लाल, पिवळी, थाप, दुसरी थाप, तिसरी थाप. मास्तरांचा पाय मशीनवर थांबला होता.

“नीट करायला किती वेळ लागला असता?” त्यांनी विचारलं.

“वीस मिनिटं.”

“मग करायचंस ना रे.”

डेकवाल्याला वाटलं होतं की ते ओरडतील, कात्री फेकतील. “पाठ दुखत होती,” तो म्हणाला. हे खरं असलं तरी पुरं नव्हतं, म्हणून त्याने उरलेलंही सांगितलं. “दुसऱ्या कुणाची गाडी असती तर केलं असतं. तू काय, आपलाच आहेस. तू कुठे तपासायला बसणार होतास.”

मास्तरांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग त्यांनी खुर्चीकडे हात केला.

“मला सांगून काय उपयोग? तिला सांग.”

मास्तरांच्या आईला डेकवाला मावशी म्हणे. त्या त्याच्याकडे बघून ओळखीचं हसल्या. तो खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मावशी, त्या दिवशी गाडी माझ्यामुळे बंद पडली.” त्यांनी हात कानामागे नेला.

“असं नाही ऐकू येत तिला,” मास्तर मागून म्हणाले. “ओरड.”

तो ओरडला. पलीकडचा वाणी बाहेर आला, दोन गिऱ्हाइकं थबकली. मावशींनी पुन्हा हात कानामागे नेला. मग त्याने तोंड अगदी त्यांच्या कानाशी नेऊन, छातीत होता नव्हता तो सगळा आवाज काढून, शब्द सुटे सुटे करून सांगितलं. सगळी गल्ली उभी राहून ऐकत होती.

या वेळी त्यांना कळलं. हसू गेलं. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्या बोलू लागल्या, खूप वेळ, डोळ्यांत डोळे घालून, मधूनच मुलाकडे बोट करत. त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. शिव्या देत होत्या की माफ करत होत्या, त्याला कळायला मार्ग नव्हता. तो फक्त “हो मावशी, हो मावशी” म्हणत राहिला.