दोनदा दाबायचं बटन

उमरग्याच्या कॉलेजात आम्ही कॉम्प्युटर शिकलो तो एका उघड्या सर्किट बोर्डावर. ना स्क्रीन, ना माउस. आकड्या-अक्षरांची बटनं आणि वर लाल उजेडात उमटणारे आकडे, बस्स. त्याला सगळे ‘किट’ म्हणायचे. दोन आकड्यांची बेरीज करवून घेताना आमच्या नाकी नऊ यायचे, आणि सर मात्र गप्पा मारत मारत प्रोग्रॅम भरून मोकळे व्हायचे. काय रुबाब होता त्यांचा!

सर रिटायर झाले, किट भंगारात गेलं. मागच्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. त्यातून हात सावरला, जीभही सावरली, पण त्यांना बोलावंसंच वाटेना. “कुणीबी आलं तरी भिंतीकडं तोंड करून पडतात,” सरांच्या बेगम, म्हणजे आमच्या चाची, फोनवर म्हणाल्या. सरांना एकदा तरी पुन्हा शिकवताना ऐकायचं, असं मी मनाशी घेतलं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. सुट्ट्यांमध्ये बसून लॅपटॉपवर हुबेहूब त्या किटसारखं चालणारं सॉफ्टवेअर लिहिलं. तीच बटनं, तोच लाल उजेड. स्वतःवरच खूश होऊन स्वारी उमरग्याला पोचली.

लॅपटॉपवर किट दिसताच सर उठून बसले. बोटं आपोआप चालू लागली. बेरजेच्या पहिल्या आज्ञेला ‘३ई’ दिसायला हवं होतं, उमटलं ‘ईई’. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला.

“जाऊ दे. आता बोटंबी दगा द्यायलीत.”

मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. आणि एकदम आठवलं. आमच्या किटवरचं ‘ई’ पहिल्या दाबाला कधी लागायचंच नाही! ते दोनदा दाबायचं, हे कॉलेजात सगळ्यांच्या हातात बसलं होतं. सर बरोबर होते, माझंच किट फाजील शहाणं निघालं; त्यानं दोन्ही ‘ई’ घेतले आणि दोनच घरं असल्यानं आधीचा तीन बाहेर ढकलला.

“थांबा सर, जरा थांबा,” म्हणत मी तिथंच ‘ई’चा पहिला दाब गिळून टाकायची सोय केली आणि लॅपटॉप पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी तीन दाबलं. मग ई, ई.

‘३ई’.

सर बघत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

“एवढा इंजिनियर झालास, पर ते बटन तेवढं दुरुस्त करता आलं न्हाय व्हय तुला?”

“नाही आलं, सर.”

“मग बस इथं. पहिल्यापासून सांगतो.”